एक लिटर विहीर, नागपूरपर्यंत

कीटकनाशकं शरीरात शिरून हार्मोनचं सोंग घेतात का, हे तपासणाऱ्या नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मी काम करते. आमच्याकडच्या पेशींमध्ये काजव्याचं जनुक घातलेलं असतं. सोंगाड्या आला की त्या चमकतात. घरातली मी पहिली पदवीधर, म्हणून आई शेजारणींना कौतुकानं सांगते, "पोरगी काजवे पाळते." दुरुस्त करणं मी सोडलंय.

बोरी अरबहून मावशीचा फोन आला. तिची मुलगी तिसरीतच वयात आली होती. (मावशीला विचारूनच लिहितेय.) काका फवारणीचा पंप शेतातल्या विहिरीच्या काठावर धुतात आणि प्यायला पाणी त्याच विहिरीचं. मावशीचा संशय त्या पाण्यावर. काकांच्या मते हा बायकी वहीम. मी प्रयोगशाळेतल्या सरांना विचारलं. सर म्हणाले, "एका नमुन्याची जागा आहे. सोमवारी आणलास तर घेऊ."

शनिवारी निघाले. यवतमाळपर्यंत एसटी, बायकांना अर्धं तिकीट. बसस्थानकाबाहेर तर्री-पोहे खा, पण तर्री बेतानं घ्या. मी बेतानं घेतली नाही आणि बोरीवरून जाणाऱ्या दारव्ह्याच्या बसमध्ये नाक पुसत बसले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुलावर आलेली. खिडकीतून फवारणीचा वास थेट डोक्यात जातो. रुमाल हाताशी ठेवा.

संध्याकाळी विहिरीवरून दोन बाटल्या भरल्या. तपकिरी काचेच्या, प्रयोगशाळेत खास धुतलेल्या. घरी आणून फ्रिजमध्ये ठेवल्या आणि सगळ्यांना बजावलं, हात लावायचा नाही.

सकाळी अंघोळ करून आले तर बाटल्या ओट्यावर लखलखत होत्या. भांड्यांच्या साबणाचा लिंबाचा वास येत होता.

"मावशी, यातलं पाणी?"

"फेकलं. गढूळ होतं ना व. घासून शेजारच्या घरून फिल्टरच्या कॅनचं आनून भरलं."

"अगं, काहून?"

"एवढ्या मोठ्या लॅबमध्ये गढूळ पाणी नेशीन? लोक म्हनतीन, बोरीवाल्यायले पाणी द्याची अक्कल नाही."

दारात दाढी करत बसलेले काका गालावरचा फेस सांभाळत हसले. "झाली तपासणी. पाणी एक नंबर आहे म्हून लिहून टाक."

साबणातलीही काही द्रव्यं हार्मोनचं सोंग घेऊ शकतात, हे मी सांगितलं. मावशीनं साबणाच्या वडीकडे असं पाहिलं, जणू ती सासरचं माणूस आहे.

नशीब, पिशवीत एक राखीव बाटली होती. यावेळी मावशी काकांनाही ओढून विहिरीवर घेऊन आली. मी बाटली भरेपर्यंत ती कमरेवर हात ठेवून पहाऱ्याला उभी.

"अन् नाही चमकलं तं?" काकांनी विचारलं.

"तं तुमची माफी मागतो," मावशी म्हणाली.

"अन् चमकलं तं?"

"तं पंप बांधावर धुवा लागन. पाणी डोक्यावर न्या."

काका म्हणाले, "पाह्यतो." मावशी म्हणाली, "पाह्यतो नाही. हो म्हना." काका हो म्हणाले, पण विहिरीकडे बघून.

परतीच्या बसमध्ये बर्फाचा डबा मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे म्याडम, कुल्फी?"

"विहिरीचं पाणी."

"काहून, नागपूरचे नळ आटले का?"

तपासणी झाली. पेशी चमकल्या. फार नाही, पण स्वच्छ पाण्याच्या नमुन्यापेक्षा नक्की जास्त. सरांनी बजावलं, कशामुळे ते यावरून कळत नाही. एका बाटलीवरून मुलीबद्दल तर काहीच सांगता येत नाही, तिला डॉक्टरांकडेच न्यायला हवं.

मी फोनवर हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. मावशीनं ऐकून घेतलं.

"म्हंजे माह्या पोरीचं तुले नाही समजलं."

"नाही."

"बरं. दवाखान्यात नेतो तिले. प्याचं पाणी आता गावातल्या नळाचं आनतो." मग फोन तोंडापासून लांब धरून ती ओरडली, "आयकलं का हो? चमकलं! उचला पाण्याचे ड्रम!"

मागून काकांचा आवाज आला, "बांध लई दूर आहे."

"मंग लवकर निंघा."

नागपूरच्या खोलीत हे लिहिताना मला मावशीच्या प्रश्नाचं उत्तर अजून माहीत नाही. ते शोधायला वेळ लागेल, बाटल्याही लागतील. पण बोरीतला एक पंप आता विहिरीपासून लांब, बांधावर धुतला जातो. धुणारा रोज कुरकुरतो, असं कळलंय.