तात्यांच्या पंखाला पेजेची खळ

सुनेनं आंबेमोहोर शिजत घातला. पेजेचा वास आला आन् मी मनानं थेट वेल्ह्याच्या माळावर जाऊन उभा राहिलो.

माझे चुलते तात्या मधमाशा पाळायचे, पेटी वाजवायचे, घड्याळं दुरुस्त करायचे. एकदा त्यांनी बांबूचं विमान बांधलं. पंखांच्या कापडाला पेजेची खळ देऊन वाळत ठेवलं. उडायचं त्या दिवशी बघतो तर म्हशीनं चाटून चाटून निम्मा पंख खाल्लेला! सगळं गाव जमलेलं. तात्या मटकन खाली बसले.

"उठा की!" काकूनं लग्नातलं हिरवं लुगडं पुढं टाकलं. "पर ह्याला खळ लावू नका."

आमी ते ताणून शिवलं. तात्यांनी विमान खांद्यावर घेतलं, म्या म्होरनं त्याला बांधलेला दोर धरला आन् दोघं उतारानं जीव खाऊन पळालो. एकाएकी दोर वर ओढला गेला. वळून बघितलं तर तात्या लोकांच्या डोक्यावर, लुगडं उन्हात फुगलेलं! खाली भातखाचराच्या चिखलात पडले, ते हसतच.

"लागलं का, तात्या?" म्या इचारलं.

"सरक," काकू म्हणाली, "आदी लुगडं बघू दे."

नातवंडं म्हणतात, एक खाचर वलांडलं, त्याला काय उडणं म्हणायचं? म्हणू देत. तात्या नुसते पळाले असते, तर दोर वर कशाला ओढला गेला असता?