उजवं पेडल

नवऱ्याची उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. "लोकांना वर नेलं, खाली आणलं, पुढे मात्र कुठे नेता आलं नाही," असं तो हसत म्हणायचा, आणि बायकोला ते आता पाठ झालं होतं. निवृत्त झाल्यावर लेकीच्या रिकाम्या खोलीत त्याने विमान थाटलं. कॉम्प्युटरवरचंच, पण थाट सगळा खरा: समोर मोठा पडदा, हातात दांडा, टेबलाखाली पायांसाठी दोन पेडलं. इमारतीतले लोक त्याला कॅप्टन म्हणू लागले. बायको चष्म्याच्या दुकानातून दमून घरी आली की हा आत घरघरत असायचा.

दोनेक वर्षं बरी गेली. मग विमान बिनसलं. धावपट्टीवर वेग घेतला की नाकावर एकच पंखा असलेल्या या जातीच्या विमानाचं नाक डावीकडे ओढतं. ते सरळ ठेवायला उजवं पेडल दाबून धरावं लागतं. कॅप्टन दाबायचा, तरी विमान तिरपं होत होत गवतात शिरायचं.

"पेडल गेलंय," तो कुरकुरला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बायको सहज बोलून गेली आणि तिने जीभ चावली. कारण गेले काही महिने ती एक गोष्ट बघत होती. चालताना त्याची उजवी चप्पल मागे राहायची. एकदा तर जिन्यातच राहिली, आणि तो एका पायात चप्पल घालून वर आला, ध्यानातही न येता. तिने विषय काढला की तो म्हणायचा, "चप्पल सैल झालीये." तिनेही मग ते धरून ठेवलं. नवीन चप्पल आणली, घट्ट पट्ट्याची.

शेवटी तिच्या भावाला बोलावलं. तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्याने पेडलांचं सेटिंग उघडलं. पडद्यावर आडवी पट्टी आली, मधोमध काटा.

"भाऊजी, डावं दाबा."

काटा डाव्या टोकाला जाऊन भिडला.

"आता उजवं."

काटा निम्म्यावर जाऊन थरथरत थांबला.

"बघ! मी म्हणत नव्हतो?" कॅप्टनचा चेहरा खुलला.

भाऊ टेबलाखाली शिरला. त्याने उजव्या पेडलावर तळहात ठेवून दाबलं. काटा सरळ टोकाला.

भावाने खालूनच बहिणीकडे पाहिलं. तिने नजर पडद्यावरून हलवली नाही.

"सेन्सिटिव्हिटी वाढवून देतो," भाऊ घाईघाईने म्हणाला. "थोडं दाबलं तरी जास्त वळेल."

त्याने सेन्सिटिव्हिटीची पट्टी पुढे सरकवली आणि विमान सुतासारखं सरळ उडालं. कॅप्टनने टाळी वाजवली. बायको स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उगाच उभी राहिली.

डॉक्टरकडे न्यायला तिला त्याच्या हातापाया पडावं लागलं. डॉक्टरने पायाला सुया टोचून तपासणी केली आणि सांगितलं, नस मरत चालली आहे. कदाचित औषधाने वेग कमी होईल. गेलेलं परत यायचं नाही.

त्यानंतर दर काही आठवड्यांनी कॅप्टन पट्टी आणखी थोडी पुढे सरकवू लागला. पण ती दोन्ही पायांना एकच. उजव्याला जमेनासं झालं तसा धडधाकट डावा नुसता टेकला तरी विमान गर्रकन फिरायचं. ती दाराशी उभी राहून बघायची. एके दिवशी पट्टीला पुढे जागाच उरली नाही.

"मी दाबू का उजवं?" तिने विचारलं.

ती त्याच्याशेजारी स्टूल घेऊन बसली. "दाब... सोड, सोड! अगं, दाब!" तो सांगेपर्यंत उशीर झालेला असायचा. तिसऱ्यांदा विमान उलटलं तेव्हा तिलाच हुंदका आला.

"अगं, खोटं विमान आहे ते," तो तिची समजूत घालत म्हणाला.

भावाने फोनवर शेवटचा उपाय सांगितला: पेडलांचं काम कॉम्प्युटरवरच सोपवायचं. कॅप्टनने तसं केलं. विमान कुणाच्या बापाचं न ऐकता आपलं आपण सरळ धावलं आणि उडालं. कॅप्टन पाय जमिनीवर ठेवून बसला होता.

"झालं की छान," ती म्हणाली.

"हो. लिफ्टसारखंच. बटण दाबायचं नि उभं राहायचं."

आठवडाभर त्याने तसं चालवलं, मग ते बंद केलं आणि उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून पुन्हा पेडलावर ठेवला. आता बहुतेक वेळा विमान गवतातच जातं. कधीतरी, नाक वाकडं ठेवूनच, वर उठतं. दर वेळी तो पाय सरकून खाली पडतो आणि ती वाकून परत वर ठेवते. औषधं चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, बघू.