टॉवरची उंची

परवा जूनच्या ऐन दुपारी टॉवर चौकात रिक्षातून उतरले आणि सहज पायांकडे पाहिलं. सावली नव्हती. कर्कवृत्ताजवळच्या आमच्या उज्जैनला दर जूनमध्ये असंच होतं, तरी ती जुनी दुपार आठवलीच.

दहावीनंतर मला गणित घ्यायचं होतं. पुण्याहून आलेले काका म्हणाले, "मुलीला कशाला गणित?" मी चिडून म्हटलं, "वर न चढता चौकातल्या घड्याळाच्या टॉवरची उंची काढून दाखवते!" तेव्हा बाबा आम्हा दोघांना इथंच घेऊन आले. सूत्र पाठ होतं: पट्टीची उंची गुणिले टॉवरची सावली, भागिले पट्टीची सावली. फक्त किमती घालायच्या होत्या. तापलेल्या डांबराचा वास येत होता. मी मीटरपट्टी उभी धरली आणि खाली पाहिलं. पट्टीला सावलीच नव्हती. टॉवरलाही नव्हती.

"अरे, छाया कहाँ गई?" बाबा स्वतःभोवती गोल फिरून बघू लागले.

काका हसले. "घाल गं काहीतरी अंदाजे."

"नाही," मी रडवेली होऊन म्हटलं, "शून्यानं भागता येत नाही."

बाबा फिरायचे थांबले. "बस, हो गया. गणितच घे तू."

पुढे गणित शिकवण्यातच जन्म गेला. या टॉवरची उंची मात्र मी अजून काढलेली नाही.