उसनी हाक

पोलीस ॲक्शनच्या वर्षी, अठ्ठेचाळीसला, आमचे आजोबा सिल्लोडच्या बाजाराला गेले ते परतलेच नाहीत. दोन वर्षं वाट पाहून घरच्यांनी हात टेकले. मग मी जन्मलो आणि बारशाला आत्यानं माझ्या कानात त्यांचंच नाव सांगितलं. आमच्यात थोरल्या नातवाला आजाचं नाव. आईला विचारतंय कोण!

पंचाईत झाली ती तिचीच. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणजे पोटच्या पोराला हाक मारायची सोय नाही. घरात "आरं ए" म्हणून भागायचं. मी गल्लीच्या टोकाला खेळत असलो की ती शेजारच्या खालाकडं जायची. "खाला, हाक मारा की वो पोराला." खाला गच्चीवरून माझ्या नावाची अशी आरोळी ठोकायची की अख्खी गल्ली वर बघायची.

"क्या लोगां हैं तुम!" खाला हसायची. "हमारे में आडनाव-वाडनाव कुछ नहीं, बेटे के पिच्छू बाप का नाम, हो गया. अपने बच्चे को बुलाने का डर कायको?"

आई हसायची नाही. "ते मेलेले कुणी बघितलेत? उद्या दारात उभे राहिले तर?"

मला लई राग यायचा. एकदा तरी घे ना नाव, म्हणून भांडायचो. ती पदर तोंडात धरून चुलीकडं वळायची. पण भीती माझ्यातही शिरली होती. शाळेत हजेरीला माझं नाव पुकारलं की मी आधी दाराकडं बघायचो, कोण आलंय ते.

शेवटच्या दिवसांत आई क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात होती. खाला कधीच गेली होती. एका सकाळी मी खाटेशी बसलो असताना आईनं डोळे उघडले, मला न्याहाळलं आणि पदर समजून चादर डोक्यावर ओढली.

"मामंजी," म्हणाली, "लई उशीर केलात."

मी आधी दाराकडं बघितलं. पण लगेच वाटलं, आता नाही तर कधीच नाही. आवाज जड करून म्हणालो, "सूनबाई, माझं नाव घ्यायला तुला मोकळीक हाय. हाक मार पोराला."

"मारू?" तिनं दोनदा विचारलं.

मग ती दाराकडं वळली आणि माझं नाव घेऊन हाक मारली. खालासारखी, खणखणीत. साठ वर्षांत पहिल्यांदा. पुन्हा मारली. "जेवाय चल रं!"

मी हाताच्या अंतरावर होतो, पण सासरा होऊन बसलो होतो. ओ कशी देणार? ती बराच वेळ दाराकडं बघत राहिली.

"आला नाय," म्हणाली.