माती आणली का?

गावच्या सोसायटीच्या गोदामात खत विकायला बसलेला हा माणूस खत सहजासहजी विकायचाच नाही. गिऱ्हाईक दारात दिसलं, की राम राम घालायच्या आधी त्याचा प्रश्न यायचा, "माती आणली का?"

टँकरच्या त्या वर्षी मला परसात वांगी लावायची होती. खडे वेचून, चांगली काळीभोर माती रुमालात बांधून मी नेली. त्यानं ती चिमटीत चोळली, नाकाशी धरली आणि खो खो हसला.

"वैनी, ही न्हाणीपाशली हाय. दाखवायच्या पोरीवानी नटवून आणलीत हिला! पाणी कमी हाय, अंदाजानं खत टाकलं तर रोपं करपत्यात."

संध्याकाळी खुरपं घेऊन तो स्वतःच आला. खडकाळ कोपऱ्यासकट सगळीकडे छोटे खड्डे करून थोडी थोडी माती त्यानं गोणपाटावर कालवली आणि त्यातली ओंजळभर तपासायला पाठवली. उरलेली पुन्हा खड्ड्यांत भरून, तान्ह्या लेकराला थोपटावं तशी थोपटली. शेणखतावर भागेल, असा रिपोर्ट आला. आपली गोणी खपली नाही, याचा त्याला कोण आनंद!

धुण्याभांड्याच्या पाण्यावर वांगी आली. पहिल्या तोड्यातली टपोरी, चकचकीत तेवढी निवडून मी गोदामात त्याला द्यायला गेले. त्यानं एकेक वांगं उलटंपालटं करून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"वैनी, परत तेच केलं तुमी! त्या खडकाळ कोपऱ्यातली कुठं हायेत?"