वर्तुळातली वस्ती

मी पत्रकं लिहिणारी. चार ओळींत कुणाला तरी दोषी धरायचं आणि खाली 'जाहीर निषेध' ठोकायचा, एवढंच मला येत होतं. त्या पावसाळ्यात दोषी मीच होते.

शिराळ्याच्या बाजूला आमची संघटना सार्वजनिक वाचनालयांचा नकाशा करत होती. वाचनालय कुणाला लांब पडतं ते दाखवायचं आणि त्यांच्यासाठी वाचनकक्ष मागायचा. मी कॉम्प्युटरवर प्रत्येक वाचनालयाभोवती तीन किलोमीटरचं वर्तुळ काढलं. आत ते सुखी, बाहेर ते वंचित. नदीपलीकडची एक वस्ती आत आली. ती मी पाहिलीही नव्हती. तिथली एक मुलगी पोलीस भरतीचा अभ्यास करत होती; वस्तीवर वाचनकक्ष हवा म्हणून तिनं फोन केला. मी सुनावलं, "तुला दोनच किलोमीटर आहे. कारणं सांगू नकोस."

"बरं ताई. दुपारी येते."

दुपारी मी वाचनालयात वाट बघत बसले. तास झाला, दोन झाले. तिचा फोन बंद. म्हातारे ग्रंथपाल पेपरच्या घड्या घालत होते.

"कुठनं येणार हाय पोरगी?"

मी वस्तीचं नाव सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"आवं, धरणातनं पाणी सोडलंय. कालपास्नं बंधारा पाण्याखाली हाय. पुलावरनं चौदा किलोमीटर पडतं. तुमच्या नकाशात नदी न्हाई व्हय?"

होती. निळी रेघ.

मी पळत नदीवर गेले. बंधारा दिसतच नव्हता. गढूळ पाणी एका ओळीत फुगून उलटत होतं, तिथं तो असणार. माणसं एरवी त्यावरूनच ये-जा करतात. पलीकडच्या काठावर कुणीच नव्हतं. म्हणजे ती आलीच नाही, की येऊन पाण्यात उतरली? मी हाक मारली, ती मलाच ऐकू आली नाही. तिच्या आईला काय सांगायचं?

फोन वाजला. उचलायची भीती वाटली.

"आली बघा," ग्रंथपाल म्हणाले. "डेअरीच्या टेम्पोतनं."

मी परतले तेव्हा ती वाचनालयाच्या बाकावर बसली होती. सलवार गुडघ्यापर्यंत ओली.

"दोन पावलं घातली व्हती पाण्यात," ती म्हणाली. "तुमीच म्हणाला ना, कारणं सांगू नकोस. मग चप्पल व्हावून गेली, तवा मागं फिरले. फोनबी भिजला. ताई, नकाशा काढायच्या आधी एकदा चालून बघत जावा की."

टेम्पो दहा मिनिटांत परत निघणार होता. तिनं दोन पुस्तकं घेतली. मी तिच्या शेजारी चढले आणि फोनवर रस्ता मोजायला लावला. वस्तीवर उतरलो तेव्हा आकडा चौदाच्या पुढं गेला होता. ती अनवाणी घराकडं गेली.

समोर, पाण्यापलीकडं, वाचनालयाचा पत्रा स्पष्ट दिसत होता.