उजेड टिपणारं पेन

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते नीट सांगता येणार नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. चिंचवडच्या एका कंपनीत मी ड्रॉइंग ऑफिसचा प्रमुख होतो. शालन आमच्याकडे ट्रेसर होती. आम्ही पेन्सिलीनं काढलेले यंत्रांच्या भागांचे नकाशे ती पारदर्शक कागदावर शाईनं गिरवायची. चिखलीहून सायकलनं यायची.

मग परदेशातून ते यंत्र आलं. त्याच्यासाठी एसीची खोली केली, चपला बाहेर काढून आत जायचं. काळ्या काचेवर हिरव्या रेघा, आणि वायरीला जोडलेलं एक पेन. त्यात शाईच नव्हती. यंत्र बसवणारा इंजिनिअर म्हणाला, हे पेन लिहीत नाही, काचेवरचा उजेड टिपतं. त्यावरून यंत्राला कळतं ते कुठं टेकलंय. त्यानं रेघेच्या टोकाला पेन टेकवून ओढलं — आणि रेघ रबरासारखी ताणली गेली. जन्मभर खोडून खोडून कागद झिजवलेल्या माणसाला तेव्हा काय वाटलं असेल? माझ्या अंगावर काटा आला.

सगळ्यांनी हात चालवून पाहिला. मी कागदावर दाबतो तसं दाबलं, घाई केली. रेघ सुटायची. पुन्हा सुटायची. माझ्यानंतर शालन बसली. तिनं पेन अलगद टेकवलं, सावकाश नेलं, आणि एका झाकणाचा अख्खा नकाशा तिच्या हाताबरोबर सरकला, वळला, जागेवर जाऊन बसला.

"सर, ही रेघ माझ्या मागं येतीय बघा," ती हळूच म्हणाली.

यंत्र पाहून मी थक्क झालो होतो, पण तिचा हात पाहून — त्याला शब्द नाही माझ्याकडे. आणि तेच मला सहन झालं नाही.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, या यंत्राच्या ट्रेनिंगला शालनला पाठवू का?

"मुलगी चांगली आहे," मी म्हणालो, "पण डोळे अधू आहेत तिचे. पडद्यासमोर टिकणार नाही."

कुठून सुचलं मला? तिच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. साहेबांनी माझं नाव पक्कं केलं.

शालनला मी सांगितलं — साहेबांना तुझ्या डोळ्यांची शंका आहे. ती पिंपरीला जाऊन डोळे तपासून आली. "डॉक्टर म्हणाले, काई दोष न्हाई. साहेबांना सांगाल का, सर?"

"सांगतो," म्हणालो. दोन-तीन दिवसांनी तिला म्हणालो, "सांगितलं गं. ऐकत नाहीत." मी साहेबांच्या केबिनकडे फिरकलोसुद्धा नव्हतो.

पुढे ट्रेसिंगचं काम आटलं. शालनला प्रिंट रूममध्ये टाकलं. तिथं नकाशांच्या प्रती निघायच्या, आणि अमोनियाच्या वासानं डोळ्यांना सारखी धार. ती तिथंच राहिली. मी — मला ते पेन हळूहळू जमलं. कॉलेजची पोरं बघायला यायची, मी रेघ ताणून दाखवायचो, ती तोंडाचा आ करून बघत राहायची. पण शालनच्या हाताखाली जे वळलं होतं, ते माझ्याकडून कधीच तसं वळलं नाही.

मी निवृत्त झालो त्या दिवशी ती भेटायला आली. पाया पडली.

"तेव्हा तुमी माझ्यासाठी साहेबांकडं शब्द टाकला होता, सर. मी विसरले न्हाई."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "त्यात काय एवढं."